काकूंचं ‘मग?’

विकास नगरातल्या आमच्या घरमालकीणबाई कुणाचंही कौतुक करत नसत. करत नसत म्हणजे अजिबात नाही. माझ्या पुरणपोळीला आमच्या सासूबाईंनीसुद्धा चांगलं म्हटलंय, आणि त्यांच्या तोंडून चांगलं म्हणवून घ्यायला मला किती वर्षं लागली ते माझं मला ठाऊक. काकूंनी होळीला वाडग्यातल्या दुधासकट दोन पोळ्या संपवल्या, ताट स्वतः धुतलं, पालथं घातलं आणि म्हणाल्या, “झाली.” मी आपली आशेनं उभी. “काय झाली?” “पोळी. खाऊन झाली.”

मी सातारची. मला असलं सहन होत नाही. “काकू, बरी झालीय एवढं म्हणायला काय जातं हो तुमचं?” म्हटलं. त्या तशाच खाली निघून गेल्या. त्या खाली राहत, आम्ही वर भाड्यानं. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली आणि मी बँकेतून हज़रतगंजच्या शाखेत बदली मागून घेतली, म्हणून आम्ही लखनौला आलो. मराठी घरमालकीण मिळाली तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. म्हटलं, चला, परक्या मुलखात हळदीकुंकवाला तरी माणूस झालं. कसलं काय! काकूंच्या घरात हळदीकुंकू झालं ते मी केलं तेव्हाच, आणि त्यातही त्या फाटकाशी उभ्या राहून येणाऱ्या बायकांना सांगत होत्या, “कडी लावा. आत आलात ना? कडी लावा.”

फाटकाची कडी हे त्यांचं दुसरं खूळ. आमच्या सेक्टरात मोकाट गाई फिरतात. एकदा एका गाईनं आत शिरून त्यांची जास्वंद बुडापासून खाल्ली होती म्हणे, आम्ही येण्याआधी. तेव्हापासून कुणी कडी न लावता गेलं, की काकू खिडकीतून ओरडायच्या. पोस्टमन, गॅसवाला भैया, माझा नवरा, कुणाची सुटका नाही. अख्खी गल्ली त्यांना ‘कुंडीवाली आंटी’, म्हणजे कडीवाली, म्हणत असे. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं.

पण खरं खूळ म्हणजे ‘मग?’

पहिल्याच दिवशी, घर बघायला गेलो तेव्हा, नवरा ऐटीत म्हणाला, “घर आवडलं. आम्ही घेतो.” काकू म्हणाल्या, “मग?” तो गोंधळला. “मग… एक तारखेला सामान आणू.” “मग?” “मग राहू.” “मग?” आता हा माणूस रेल्वेचे पूल तपासतो, चार लोकांत घाबरत नाही, पण तिथं त्याला घाम फुटला. मीच म्हटलं, “मग तीनचार वर्षांनी बदली होईल आणि तुमच्या भिंतीतले खिळे काढून जाऊ.” काकूंनी किल्ली माझ्या हातात दिली.

त्या सगळ्यांना ‘मग?’ विचारत. हिंदी माणसाला ‘फिर?’ नवरा एकदा साहेबावर चिडून राजीनामा लिहायला बसला होता, काकूंनी जिन्यात गाठून ‘मग?’ विचारलं आणि तिसऱ्या ‘मग?’ला तो चहा टाक म्हणाला. काकूंचं म्हणणं असं, की चिडलेला माणूस दोन ‘मग’च्या पुढं जात नाही, आणि न चिडलेलाही फारसा जात नाही. आमचा मुलगा तेव्हा सोळाचा. मराठी सगळी कळते, पण उत्तर येणार हिंदीत. क्लास बुडवून क्रिकेटची मॅच बघायला जाणार होता. काकूंनी अडवलं. “फिर?” “फिर मज़ा आएगा.” “फिर?” “फिर मम्मी को पता चलेगा.” “फिर?” त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, “पता नहीं यार आंटी!” काकू इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळ्यांना पदर लावला. आणि आत जाऊन त्याला बेसनाचा लाडू आणून दिला. मी वरून बघत होते. माझा तिळपापड झाला. पुढच्या वर्षी बोर्डाची परीक्षा, कार्ट्याला आपले मोजे कुठं असतात ते माहीत नाही, आणि या बाई ‘पता नहीं’ला लाडू देतायत!

मग तो गणपतीतला प्रसंग. लखनौत आम्ही मराठी मंडळी मोजकीच. कुणी रेल्वेत, कुणी बँकेत, कुणी केंद्र सरकारच्या कचेरीत. एक हॉल भाड्यानं घेऊन गणपती बसवतो. त्या वर्षी मुलांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून काकूंना बोलावलं होतं, शाळेत आयुष्य गेलेल्या बाई म्हणून. एका बाईंची आठनऊ वर्षांची मुलगी होती. आई नाटुकल्यात काम करत होती आणि ही पोरगी सबंध कार्यक्रमभर धाकट्या भावाला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसून होती. त्याला बाटली पाजली, थोपटला, एकदाही जागची उठली नाही. शेवटी कुणाला तरी कल्पना सुचली, की एक खास बक्षीस द्यायचं. सगळ्यांत समजूतदार मुलगी. टाळ्या पडल्या. बक्षीस काकूंच्या हस्ते. काकूंनी माइक घेतला आणि म्हणाल्या, “हे बक्षीस मी देणार नाही. तिच्या मांडीवरचं पोर तिच्या आईनं घ्यावं आणि तिला खेळायला सोडावं.”

ती आई लाल झाली. मुलगी रडायला लागली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, कारण काकूंना ऑटोतून आणलं होतं मी.

परत येताना मी तोंड सोडलं. “काकू, शोभतं का हे? त्या बाई आता आपल्याशी बोलायच्या नाहीत.” “मग?” “मग मंडळात नावं ठेवतील.” “मग?” “मग काय मग! काही नाही!” “काही नाही ना? झालं तर,” म्हणाल्या, आणि बाहेर बघत बसल्या. बघते तर ओठ थरथरत होते. तेव्हा मला कळलं, की हा नुसता विक्षिप्तपणा नव्हे, ह्या बाईचं काहीतरी दुखतंय.

काकू मूळच्या अकोल्याच्या. लग्न होऊन लखनौला आल्या, यजमान रेल्वेच्या हिशेब खात्यात होते, ते गेले तरी इथंच राहिल्या. मूलबाळ नाही. मानसशास्त्र शिकलेल्या, आणि एका शाळेत मुलांच्या अडचणी ऐकण्याचं काम त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त झाल्यावर किशोर न्याय बोर्ड त्यांना अधूनमधून बोलवायचं. अठराच्या आतल्या पोरांनी गुन्हे केले तर ते मोठ्यांच्या कोर्टात जात नाहीत, या बोर्डापुढं येतात. पण पोरगा सोळाच्या वरचा असला आणि गुन्हा खुनासारखा असला, तर बोर्डाला आधी तपासावं लागतं, की याची समज किती, केल्याचं पुढं काय होणार हे याला कळत होतं का, कुठल्या परिस्थितीत केलं. त्यावर ठरतं याला मूल म्हणून वागवायचं की मोठा माणूस म्हणून उभा करायचा. मूल ठरला तर फार तर तीन वर्षं सुधारगृहात. मोठा ठरला तर सेशन कोर्ट, मोठ्यांची शिक्षा, एकवीस होईपर्यंत वेगळ्या बंद जागेत, आणि त्यानंतर तुरुंगसुद्धा. अशा पोरांशी बोलून बोर्डाला रिपोर्ट द्यायचा हे काकूंचं काम. ‘मग?’ तिथूनच आलेलं. केल्याचं पुढं काय, हे त्याला समजतं का, ते बघायची त्यांची ती रीत.

हे सगळं मला उशिरा कळलं. एवढंच दिसायचं, की महिन्यातून एकदा काकू डबा आणि एक पिशवी घेऊन पहाटे निघायच्या आणि संध्याकाळी थकून यायच्या. मला वाटायचं कुणी नातेवाईक असेल. एका थंडीत त्यांचे गुडघे धरले, बाहेर कोहरा असा की फाटक दिसत नव्हतं, तेव्हा पहिल्यांदा म्हणाल्या, “येतेस का संग? बस पकडावी लागते.”

गेले. उंच भिंतीची सरकारी जागा. आत एका खोलीत एक मुलगा आला, वीसच्या आसपासचा. त्याचं नाव मी सांगणार नाही, कायद्यानं सांगताही येत नाही. काकू त्याला किल्लीवाला म्हणायच्या, त्याच्यासमोर नाही, माझ्याशी बोलताना. तो आला, काकूंच्या हातून पिशवी घेतली, खुर्ची आणली, ती आधी बाहीनं पुसली. “आंटी, घुटने की दवा ली?” मला म्हणाला, “आप उधर मत बैठिए, उधर से हवा आती है.” काकूंनी पिशवीतून ल्यूडो काढला. दोघं खेळायला बसले. आणि काकू धडधडीत चीटिंग करत होत्या! चार पडले तर सहा चालत होत्या, त्याची सोंगटी मारून हसत होत्या. तो मारलेली सोंगटी उचलून पुन्हा घरात ठेवत होता. “लड़ो ना मुझसे!” काकू म्हणाल्या. तो म्हणाला, “कोई बात नहीं आंटी, आप जीत जाइए.” खेळ झाल्यावर त्यानं सोंगट्या रंगवार लावून डबीत भरल्या आणि डबीला रबर लावलं.

बाहेर आल्यावर मी अगदी मनापासून म्हटलं, “किती समजूतदार आहे हो पोरगा!”

काकू रस्त्यात थांबल्या. रागावल्या की त्यांच्यातलं अकोला बाहेर यायचं. “नको म्हणू वं तसं! तूही नको म्हणू. तेच म्हणून मी त्याले इथं आणलं.”

बसमध्ये मग त्यांनी सगळं सांगितलं. मी मध्ये एकदाही बोलले नाही, आणि ज्यांना मी माहीत आहे त्यांना ह्याचा अर्थ कळेल.

सरोजिनी नगरात कानपूर रोडवर पंक्चरचं एक दुकान. हा पोरगा लहानपणापासून तिथं कामाला. आईबाप नाहीत, धाकटी बहीण. तिला हाच रांधून घालायचा, शाळेत सोडायचा. सतरा वर्षांचा असताना एक दिवस मालकानं गिऱ्हाइकासमोर त्याच्या कानाखाली मारली. याच्या हातात टायर उचकटायची लोखंडी टॉमी होती. ती फिरली. मालक संध्याकाळी दवाखान्यात वारला.

पण मधल्या वेळात यानं काय काय केलं बघा. मालकाला रस्त्यावरच्या गाडीत घालून गिऱ्हाइकाबरोबर दवाखान्यात पाठवलं. दुकानातली जमीन धुतली. हत्यारं जागेवर लावली, शटर ओढलं, कुलूप घातलं. मालकाच्या घरी गेला, बायकोच्या हातात दुकानाची किल्ली दिली, कुठल्या दवाखान्यात आहेत ते सांगितलं. बहिणीला मावशीकडं पोचवलं. आणि मग चालत चौकीवर गेला आणि म्हणाला, “हमने मारा है.”

काकूंपुढं आला तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणं विचारलं. “तुमने मारा. फिर?” आणि तो बोलत गेला. फिर आम्हाला जेल. फिर बहीण मावशीकडं. फिर मावशी तिला शाळेतून काढणार, कारण तिच्या घरी कामाला माणूस नाही. फिर मालकाच्या बायकोला दुकान जमणार नाही. फिर दुकान बंद. फिर तिची पोरं कुणाच्या तरी दुकानात आमच्यासारखी कामाला लागणार. काकू म्हणाल्या, “अगं, जन्मात इतक्या ‘मग’पर्यंत माझ्यापुढं कुणी गेलं नव्हतं. शिकलेसवरलेले तिसऱ्याला थकतात. मला त्याचं किती कौतुक वाटलं!”

मग त्यांनी रिपोर्ट लिहिला. आणि इथं घोटाळा झाला. मी काही कायदा शिकलेली नाही, पण हा घोटाळा आपल्यासारखीच बाई करणार हे मला लगेच कळलं. काकूंनी जन्मभर शाळेतली मुलांची चांगल्या वर्तणुकीची सर्टिफिकेटं लिहिली होती. पोराचं भलं करायचं म्हणजे त्याच्याबद्दल चांगलं चांगलं लिहायचं, एवढंच त्यांच्या हाताला माहीत. त्यांनी लिहिलं, की मुलगा जबाबदार आहे, वयाच्या मानानं फार समजूतदार आहे, बहिणीला सांभाळतो, परिणामांची त्याला पूर्ण जाणीव आहे, घटनेनंतरही त्यानं दुकान बंद करून किल्ली पोचवली. त्यांना वाटलं, असं पोर बघून कुणाच्याही पोटात कालवेल.

सरकारी वकिलानं त्यातली वाक्यं एकेक करून वाचून दाखवली. म्हणाला, “बच्चा होता तो भाग जाता, साहब. ये ताला लगाकर गया.”

पोरगा मोठा ठरला.

“तेवढंच असतं तरी मी झोपले असते,” काकू म्हणाल्या. “एक गोष्ट मी गाळली.” त्यांनी त्याला विचारलं होतं, की टॉमी उचललीस तेव्हा? तेव्हा फिर? तर तो म्हणाला, “उस बखत ‘फिर’ नहीं आया, आंटी. उस बखत बस हाथ था.” काकूंनी ते लिहिलं नाही. हे वाचून लोक म्हणतील कसा निर्दयी आहे बघा, एवढ्या चांगल्या रिपोर्टला उगाच डाग, असं त्यांना वाटलं. “अगं, तेच तर विचारलं होतं कायद्यानं! मारताना कळत होतं का. मी रिपोर्टात लिहिलं सगळं नंतरचं. नंतरचं तर त्याला सगळं कळत होतं. नंतरचं कुणाला कळत नाही?”

निकाल लागल्यावर त्या धावत गेल्या. ते वाक्य सांगितलं. अपिलात पोराच्या वकिलानं मांडलंही. तर वरच्या कोर्टात विचारलं, की मॅडम, इतकं महत्त्वाचं होतं तर तेव्हा का नाही लिहिलंत? आता आठवलं का? चांगल्या बाई म्हणून ज्यांचा शब्द मानला, त्याच बाईचा दुसरा शब्द कुणी मानेना. खटला मोठ्यांसारखा चालला, शिक्षा झाली. काकूंनी रिपोर्ट लिहिणं सोडलं. आणि त्या दिवसापासून तोंडानं कुणाला चांगलं म्हणणंही सोडलं.

बस शहरात शिरली तरी मी त्यांचा हात धरून बसले होते. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. आणि इतकी माया दाटून आली होती की काय करावं कळेना. घरी आल्यावर मी पोराच्या खोलीत गेले. कपड्यांचा ढीग, त्यात मोजे शोधत बसला होता. म्हणाला, “मम्मी, मिल नहीं रहे.” एरवी मी पाठीत धपाटा घातला असता. त्या दिवशी शोधून दिले.

एकवीस पूर्ण होताना कोर्ट पुन्हा एकदा बघतं, की पोरगा सुधारलाय का, त्याला सोडायचं की उरलेली शिक्षा मोठ्यांच्या तुरुंगात भोगायला पाठवायचं. काकू त्या तारखेकडं डोळे लावून होत्या. तुरुंगात गेला तर त्या भिंतीआड त्याचं काय होईल ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. “तोवर मला मरायची सवड नाही,” असं डॉक्टरला सांगायच्या. पोराच्या वकिलानं त्यांना साक्षीला बोलावलं. जायच्या आदल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. “काय सांगू गं? पुन्हा चांगलं बोलायचं म्हटलं की जीभ उचलत नाही.”

“चांगलं बोलूच नका,” मी म्हटलं. “जे घडलं ते बोला. सगळं. गाळू नका.”

“मग?”

“मग मला माहीत नाही, काकू!”

मी त्यांना ऑटोनं कोर्टात नेलं. सुनावणी बंद दाराआड, मी बाहेर बाकावर. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती, डोक्यावरून पदर, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. थोड्या वेळानं कळलं, की ही त्या मालकाची बायको. मी घाबरले. पाणी विचारलं. तिनं घेतलं.

मग तीच बोलली. “आप उसकी तरफ़ से हैं?”

मी म्हटलं, “आंटी के साथ हैं।”

“हमने माफ़ नहीं किया है,” ती म्हणाली. “मेरे आदमी का हाथ चलता था, वो हम जानते हैं, हम पर भी चलता था. मगर जान तो उसी ने ली ना.” पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, “सब कहते हैं ठंडे दिमाग़ से चाभी देने आया. हमसे तो किसी ने पूछा नहीं. उससे चाभी मेरे हाथ में रखी नहीं गई. गिर गई. उठाई, फिर गिर गई. हमने ही उठाई. दाँत बज रहे थे उसके, जून के महीने में.”

मी म्हटलं, “ये अंदर बोलेंगी आप?” शिपायानं दार उघडून तिला हाक मारली. ती पिशवी बाकावर ठेवून आत गेली.

काकू बाहेर आल्या त्या भिंतीला धरून. मी विचारलं, काय झालं. म्हणाल्या, सगळं सांगितलं. तेव्हा ‘फिर’ आलं नव्हतं ते सांगितलं, आणि मी ते दाबलं हेही सांगितलं. न्यायाधीशबाईंनी मान वर करून बघितलं, एवढंच. आणि दुसरी एक गोष्ट सांगितली. बंद जागेत एका पोरानं याच्या थोबाडीत मारली होती, सगळ्यांसमोर, अगदी तशीच. तर हा उठून नळाशी गेला आणि पाण्याच्या धारेखाली दोन्ही हात धरून उभा राहिला. नळ बंद करायला कुणी आलं तर म्हणाला, अभी नहीं, अभी हाथ गरम है. काकूंनी ह्याच्यापुढं काही जोडलं नाही. मालकाची बायको आत काय बोलली ते मात्र काकूंना ऐकू दिलं नव्हतं. बाई बाहेर आली, पिशवी उचलली आणि आमच्याकडं न बघता जिना उतरून गेली.

निकाल यायला वेळ लागला. त्या दिवसांत काकू कुणालाही ‘मग?’ विचारत नव्हत्या. फाटक उघडं राहिलं तरी ओरडत नव्हत्या, आणि गल्लीतली माणसं मला विचारायला लागली, की आंटी की तबीयत ठीक है? मीच खाली जाऊन कडी लावून यायची.

सोडला त्याला. देखरेखीखाली, महिन्याची हजेरी लावून, पण सोडला. वकिलाचा फोन मीच घेतला. काकूंना सांगितलं तर त्या देवासमोर गेल्या नाहीत, रडल्या नाहीत. म्हणाल्या, “तुझ्याकडं पुरण आहे का गं?” आणि मग मी रडले.

पेरूचे दिवस होते. दुपारी काकू ओट्यावर उन्हात बसल्या होत्या, मी सुट्टीच्या दिवशीचे कपडे वाळत घालत होते, तेव्हा तो आला. नवा शर्ट, घड्यांच्या खुणा तशाच. हातात अमरूदांची पिशवी. फाटकातून आत आला, वळून कडी लावली. काकूंच्या पायाशी बसला. मी पाणी आणलं, पोळी आणली. त्यानं पोळी खाल्ली, ताट कुठं धुवायचं ते विचारलं, मी हातातून काढून घेतलं.

मग काकूंनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता. “बाहर आ गए. फिर?”

मला वाटलं आता हा सुरू होणार. फिर बहन, फिर काम, फिर मावशी, फिर त्या बाईचं दुकान. त्यानं तोंड उघडलं. काकू त्याच्याकडं बघत होत्या. त्यानं तोंड मिटलं, डोकं खाजवलं, आमच्या कार्ट्यासारखंच, आणि कसनुसा हसून म्हणाला, “पता नहीं, आंटी.”

“शाब्बास!” काकू म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पुन्हा म्हणाल्या. “शाब्बास रे माझ्या लेकरा!” आणि त्याच्या केसांत हात घालून सगळे केस विस्कटून टाकले. त्याला मराठी एक अक्षर कळत नव्हतं. तो मान खाली घालून तसाच बसून राहिला, आणि मी दोरीवरची चादर तोंडापुढं ओढून घेतली.

ऊन उतरायला लागलं तसा तो निघाला. त्याला हजेरी लावून अंधाराच्या आत मावशीकडं पोचायचं होतं. फाटकाबाहेर पडला, वळला आणि कडी लावायला लागला. लावली, हलवून बघितली, पुन्हा लावली. रस्त्याच्या कडेला गाय उभी होती. काकूंची नवी जास्वंद कमरेएवढी झाली होती, कळ्यांनी भरलेली.

“रहने दो!” काकू ओट्यावरून ओरडल्या. “खुला रहने दो!”

त्यानं मान वर करून आमच्याकडं बघितलं. हात कडीवरच होता. लावावी की सोडावी ते त्याला कळेना.

“जाओ ना बेटा,” काकू म्हणाल्या. “हम लगा लेंगे।”